स्रोत कुठे ठेवला होता?

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये रेडिएशनचं प्रॅक्टिकल करताना माझी दोन रीडिंग्ज काही केल्या जुळेनात. सोमवारी सिझियम-१३७ चा सोर्स डिटेक्टरपासून १० सेंटिमीटरवर ठेवला, तेव्हा १०० सेकंदांत ८४२० काउंट्स मिळाले. गुरुवारी तोच सोर्स, तोच डिटेक्टर, तेच व्होल्टेज, वहीत तेच ‘अंतर १० सेंमी’, आणि काउंट्स मात्र ७१४०. सिझियमचं अर्धायुष्य ३० वर्षांचं. सोमवार ते गुरुवार या तीन दिवसांत ते कमी होण्याचा प्रश्नच नव्हता. मग मी डिटेक्टरला दोष दिला, लाइटच्या व्होल्टेजला दिला, शेवटी पार्टनरला दिला.

सरांनी वही बघितली आणि विचारलं, “स्रोत कुठे ठेवला होता?”

“दहा सेंटिमीटरवर, सर.”

“कुठून दहा?”

या दोन शब्दांना माझ्याजवळ उत्तर नव्हतं. सोमवारी मी डिटेक्टरच्या ॲल्युमिनियमच्या टोपणापासून मोजलं होतं आणि गुरुवारी पार्टनरने स्टँडच्या कडेपासून. दोन्हींत बरोबर १ सेंटिमीटरचा फरक निघाला. वाचकहो, हा लेख त्या एका सेंटिमीटरबद्दल आहे. प्रॅक्टिकलचे मार्क गेले ते गेले, पण पुढे महिनाभरातच हाच प्रश्न मोझरीच्या माझ्या आजीच्या गळ्याशी येऊन उभा राहिला, तेव्हा त्याची खरी किंमत कळली. ते शेवटी सांगते. आधी शास्त्र.

समई आणि ताटली

कॉन्व्हेंटमध्ये ‘एफिशिअन्सी’ हा शब्द आम्ही मशीनच्या संदर्भात शिकलो. मशीन चांगलं तर एफिशिअन्सी जास्त. त्यामुळे डिटेक्टरची कार्यक्षमता हा डिटेक्टरचा स्वतःचा गुण, असंच मी धरून चालले होते. ती अर्धीच गोष्ट खरी आहे.

समजा देवघरात समई लावली आहे. तिचा उजेड चारी दिशांना, वर-खाली सगळीकडे जातो. समईसमोर एक ताटली धरली तर त्यातला थोडाच उजेड ताटलीवर पडेल. ताटली जवळ नेली तर जास्त, दूर नेली तर कमी. यात ताटलीच्या चकाकीचा काही संबंध नाही. समईच्या जागेवरून बघितलं तर ताटली केवढा ‘कोपरा’ व्यापते, एवढाच हिशेब. या व्यापलेल्या कोपऱ्याला घनकोन म्हणतात. गॅमा किरणांचा स्रोतही असाच सगळ्या दिशांना किरण सोडतो, आणि आपला स्फटिक म्हणजे ती ताटली.

म्हणून डिटेक्टरची कार्यक्षमता दोन भागांत वेगळी करून बघावी लागते. पहिला भाग भूमितीचा: स्रोतातून निघालेल्या किरणांपैकी किती स्फटिकापर्यंत पोचले. दुसरा भाग स्फटिकाचा स्वतःचा: पोचलेल्यांपैकी किती पकडले गेले. गॅमा किरण म्हणजे काही भिंतीवर आपटणारा चेंडू नाही. तो स्फटिकातून आरपार निघूनही जातो. शिवाय आपण स्पेक्ट्रममधल्या शिखराचेच काउंट्स घेतो, म्हणजे ज्या किरणाने आपली सगळी ऊर्जा स्फटिकात सोडली तोच मोजायचा. आपल्या लॅबमधला सोडियम आयोडाइडचा स्फटिक २ इंच व्यासाचा आणि २ इंच जाडीचा आहे. सिझियमच्या ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांसाठी स्फटिकावर आलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्साच शिखरात जमा होतो. त्यातही १०० अणू फुटले तर त्यातून ८५ च्या आसपासच ६६२ चे किरण निघतात. हे सगळे गुणक एकमेकांना गुणायचे, तेव्हा एकूण कार्यक्षमता मिळते.

यातला स्फटिकाचा गुणक जागा बदलली तरी फारसा हलत नाही. हलतो तो भूमितीचा.

आकडे काय सांगतात

स्रोत बिंदूएवढा लहान असेल आणि स्फटिकाच्या बरोबर मधोमध समोर असेल, तर सूत्र सोपं आहे. अं म्हणजे अंतर, त्रि म्हणजे स्फटिकाची त्रिज्या.

भूमितीचा गुणक = ½ × [१ − अं ÷ √(अं² + त्रि²)]

आपल्या स्फटिकाची त्रिज्या २.५४ सेंमी. हिशेब केला तर असं येतं:

अंतर ० सेंमी: ५० टक्के
अंतर १ सेंमी: ३१.७ टक्के
अंतर २ सेंमी: १९.१ टक्के
अंतर ५ सेंमी: ५.४ टक्के
अंतर १० सेंमी: १.५४ टक्के
अंतर २० सेंमी: ०.४० टक्के
अंतर २५ सेंमी: ०.२६ टक्के

पहिलीच ओळ बघा. स्रोत स्फटिकाला अगदी चिकटवला तरी अर्धे किरण मागच्या बाजूला निघून जातात. म्हणजे सपाट तोंडाच्या डिटेक्टरला पन्नास टक्क्यांच्या वर भूमिती मिळूच शकत नाही. त्यासाठी स्फटिकात विहिरीसारखा खड्डा करून स्रोत आत ठेवतात. तसे डिटेक्टर असतात.

आता १० आणि २० सेंमी बघा. अंतर दुप्पट झालं आणि गुणक जवळजवळ चौथाईवर आला. हा शाळेत शिकलेला व्यस्त वर्गाचा नियम. पण १ आणि २ सेंमीमध्ये अंतर दुप्पट होऊनही गुणक चौथाई झाला नाही, फक्त ३१.७ चा १९.१ झाला. कारण इतक्या जवळ स्फटिक बिंदूसारखा लहान राहत नाही, तो आकाशभर पसरलेला दिसतो. आमच्या बॅचमध्ये निम्म्या मुलांनी ‘व्यस्त वर्गाचा नियम पडताळणे’ हे प्रॅक्टिकल १ ते ५ सेंमीमध्ये केलं आणि नियम ‘चुकीचा’ ठरवला! नियम बरोबरच आहे, तो दूरच्या स्रोतासाठी आहे. स्फटिकाच्या त्रिज्येच्या निदान चार-पाच पट अंतर असेल तेव्हाच तो लावायचा.

चूक किती महाग पडते

जागा मोजण्यात १ मिलिमीटर चूक झाली असं समजा. स्रोत १ सेंमीवर असेल तर त्या एका मिलिमीटरने काउंट्स सुमारे ५ टक्क्यांनी बदलतात. १० सेंमीवर तीच चूक २ टक्क्यांची होते आणि २५ सेंमीवर १ टक्क्यापेक्षाही कमी. म्हणजे जवळ गेलं की काउंट्स भरपूर मिळतात, पण जागेची चूक मोठी होते. दूर गेलं की जागेची चूक लहान होते, पण काउंट्स इतके कमी की रीडिंग घ्यायला जेवणाची सुट्टी जाते. प्रत्येक वेळी या दोन्हींत सौदा करावा लागतो.

आता माझी दोन रीडिंग्ज. काउंट्सची नैसर्गिक चढउतार त्यांच्या वर्गमुळाएवढी असते. ८४२० चं वर्गमूळ साधारण ९२. दोन रीडिंग्जमधल्या फरकात शे-सव्वाशेची चढउतार चालून गेली असती. इथे फरक होता १२८० चा, म्हणजे १५ टक्के. तो योगायोग असूच शकत नव्हता. दहाचे अकरा सेंमी झाल्यावर वरच्या सूत्राने १७ टक्के घट यायला हवी. मला १५ आली. हे दोन टक्के कुठे गेले?

काही चढउतारीत गेले, हे खरं. पण एक खरं कारणही आहे आणि ते मला फार आवडलं. किरण काही स्फटिकाच्या तोंडावरच अडत नाही. तो आत घुसतो आणि कुठेतरी आत पकडला जातो. शिवाय ॲल्युमिनियमच्या टोपणामागे स्फटिक थोडा आत बसवलेला असतो. म्हणून डिटेक्टरचा ‘खरा’ बिंदू तोंडावर नसून आत खोल असतो. आपण बाहेरून १० मोजलं तरी किरणाच्या लेखी ते साडेअकरा-बारा असतं. साडेअकराचं साडेबारा होणं हे दहाचं अकरा होण्यापेक्षा प्रमाणाने लहान, म्हणून घटही लहान.

ही खोली शोधायची रीत सोपी आहे. काउंट्सच्या वर्गमुळाचा व्यस्त काढायचा, तो उभ्या अक्षावर घ्यायचा, आणि टोपणापासूनचं अंतर आडव्या अक्षावर. बिंदू सरळ रेषेत येतात. ती रेषा मागे वाढवली की आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे छेदते. जितकी डावीकडे, तितकी ती खोली. माझ्या दोन रीडिंग्जवरून १.६ सेंमी आलं, पण दोन रीडिंग्जवरून काढलेल्या उत्तरावर फार विश्वास ठेवू नये. चढउतारीमुळे त्यात एक सेंटिमीटरची गल्लत सहज होते. १० पासून ३० सेंमीपर्यंत आठ-दहा रीडिंग्ज घेऊन रेषा काढली, तेव्हा १.८ आलं. आणि हो, ऊर्जा बदलली की ही खोलीही बदलते. कमी ऊर्जेचे किरण तोंडाजवळच अडतात, जास्त ऊर्जेचे खोल जातात. एकदा काढलेली खोली सगळ्या स्रोतांना लावता येत नाही.

बाजूला सरकला तर?

स्रोत पुढे-मागे न सरकता बाजूला सरकला तर काय होतं? दूर असताना फारसं काही नाही. १० सेंमीवर १ सेंमी बाजूला सरकला तर घट दीड टक्क्याच्या आसपास. तोच १ सेंमी मागे सरकला तर १५ ते १७ टक्के. म्हणजे दूरच्या मांडणीत मधोमध आहे की नाही यापेक्षा अंतराकडे दहापट लक्ष द्यायचं. पण स्रोत स्फटिकाला टेकवून ठेवला असेल तर गणित उलटतं. मधल्या भागात थोडं इकडेतिकडे चालतं आणि कडेच्या बाहेर गेलं की काउंट्स एकदम पडतात. डिटेक्टरपुढे शिशाची नळी लावली असेल तर नळीच्या टापूबाहेर गेलेला स्रोत जवळजवळ दिसेनासाच होतो.

आता बिंदूऐवजी पसरलेला स्रोत घ्या. आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीचा डबा घेतला तर त्यातल्या पोटॅशियम-४० मधून १४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण निघतात. कुठल्याही १ ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३१ अणू फुटतात आणि त्यातून जेमतेम तीन-साडेतीन असे किरण बाहेर येतात. (घाबरायचं कारण नाही, आपल्या अंगातही पोटॅशियम आहे.) एवढ्या कमी किरणांसाठी माती डिटेक्टरच्या समोर ठेवून भागत नाही. मग मधे पोकळी असलेलं भांडं वापरतात, ते टोपीसारखं डिटेक्टरवर बसतं आणि माती चहूबाजूंनी येते. यात डब्यातला प्रत्येक कण वेगळ्या अंतरावर असतो, वरच्या मातीचे किरण खालच्या मातीत अडतात, आणि सूत्राने हिशेब करणं फार कठीण होतं. त्यावर जुना, साधा उपाय एकच: ज्याची तीव्रता माहीत आहे असा नमुना अगदी तशाच भांड्यात, तेवढ्याच उंचीपर्यंत, तेवढ्याच घट्ट भरायचा आणि तुलना करायची. भांडं अर्धं भरलं तर तुलना गेली.

फार जवळ नेण्याचा आणखी एक तोटा आहे. कोबाल्ट-६० चा अणू फुटताना ११७३ आणि १३३२ असे दोन किरण जवळजवळ एकाच क्षणी सोडतो. स्रोत जवळ असला की दोन्ही एकदमच स्फटिकात शिरण्याची शक्यता वाढते. डिटेक्टरला ते एकच २५०५ चा किरण वाटतात. दोन्ही शिखरांतले काउंट्स असे चोरीला जातात आणि कार्यक्षमता आहे त्यापेक्षा कमी दिसते. सिझियमने जवळून काढलेली कार्यक्षमता म्हणूनच कोबाल्टला जशीच्या तशी लावू नये.

आजीचा गळा

आता मोझरीची गोष्ट. अमरावतीहून नागपूरकडे जाताना तिवसा तालुक्यात हायवेवरच गुरुकुंज मोझरी लागते. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये तिथे आश्रम स्थापन केला. ११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले, आणि पुण्यतिथीच्या महोत्सवात अजूनही दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसं एकदम मौन होतात. आजीने तो दिवस कधी चुकवला नाही. गेल्या वर्षी मात्र महोत्सवाच्या आधीच तिची तब्येत उतरली. वजन घटलं, हात थरथरू लागले, छातीत धडधड. रक्ताच्या रिपोर्टवरून थायरॉइडची शंका आली आणि मामा तिला नागपूरच्या एका दवाखान्यात घेऊन गेले. मीही सोबत होते.

तिथे आयोडीन-१३१ ची तपासणी सांगितली. थायरॉइडची ग्रंथी आयोडीन ओढून घेते. म्हणून किरणोत्सारी आयोडीनची अगदी छोटी मात्रा पोटात द्यायची आणि २४ तासांनी त्यातलं किती टक्के गळ्यात जमलं ते बाहेरून डिटेक्टरने मोजायचं. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस आणि मुख्य किरण ३६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा. आपल्या राज्याशी या आयोडीनचं जवळचं नातं आहे. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत असे समस्थानिक तयार होतात, आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून थायरॉइडच्या रुग्णांवर काम झालेलं आहे.

तपासणीच्या खोलीत गेले आणि बघते तर काय, तोच सोडियम आयोडाइडचा स्फटिक! त्याच्यापुढे शिशाची नळी. आधी तेवढ्याच मात्रेचा नमुना प्लास्टिकच्या गळ्याएवढ्या ठोकळ्यात ठेवून मोजतात. मग रुग्णाचा गळा. मग मांडी, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या आयोडीनचे काउंट्स वजा करता येतात. गळा आणि ठोकळा दोन्ही डिटेक्टरपासून सारख्याच अंतरावर हवेत. तिथे २५ सेंमी ठरलेलं होतं आणि त्यासाठी यंत्राला एक मापाची दांडी होती. जवळ का नाही नेत? कारण ग्रंथी कातडीखाली किती खोल आहे हे माणसागणिक बदलतं. १० सेंमीवरून मोजलं तर खोलीतल्या १ सेंमीच्या फरकाने काउंट्स १७ टक्क्यांनी बदलतील, २५ सेंमीवरून साधारण ८ टक्क्यांनी. आमच्या प्रॅक्टिकलमधला सौदा इथेही होता.

आजीचा आकडा आला २४ टक्के. साधारणपणे १० ते ३० टक्के ठीक समजतात. मामांना बरं वाटलं. डॉक्टरांना नाही वाटलं. ते म्हणाले, यांची लक्षणं आणि रक्ताचा रिपोर्ट वेगळं सांगतो आहे, पुन्हा मोजा. गर्दीच्या वेळी पहिल्यांदा दांडी लावलीच नव्हती, नुसत्या अंदाजाने खुर्ची सरकवली होती. दुसऱ्यांदा दांडी लावून गळा जागेवर आणला. आकडा आला ३५.

मी आजीला विचारलं, “पहिल्या वेळी तू मागे सरकली होतीस का गं?”

“मंग काय तर माय! ते एवढं मोठं तोंड घेऊन गळ्यापाशी आलं. मले वाटलं चावते का काय! म्हनून मी जराशी मांगं झाली.”

परतीच्या बसमध्ये मी तिकिटाच्या मागे हिशेब केला. ३५ भागिले २४ म्हणजे १.४६. त्याचं वर्गमूळ १.२१. पंचवीसला १.२१ ने गुणलं की ३० सेंमी. आजी पाच सेंटिमीटर मागे झाली होती, एका वीतेच्या चौथ्या हिश्शाएवढी. ठोकळा २५ वर आणि गळा ३० वर. एवढ्याने आजार ‘ठीक’च्या रांगेत जाऊन बसला होता. पुढे आयोडीनचीच उपचाराची मात्रा ठरवायची झाली तर कित्येकदा याच टक्क्यांनी भागाकार करतात. तो आकडा चुकला की मात्राही चुकते. डॉक्टरांनी रुग्णाकडे बघितलं म्हणून चूक सापडली. नुसता आकडा बघितला असता तर सापडली नसती.

आजीला हे सगळं समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, “तुह्या कालेजात एवढंच शिकवतेत काय, मांगंपुढं सरकाचं?” मी म्हटलं, हो आजी, सध्या तरी एवढंच नीट शिकले आहे. तिच्यावर उपचार सुरू झाले, हातांची थरथर कमी झाली. महोत्सवाच्या दिवशी मौनाला ती मामीचा हात धरून बसली होती.

ज्युनिअर्ससाठी

हे प्रॅक्टिकल पुढच्या वर्षी तुम्हाला येईल. अंतर लिहाल तेव्हा ‘कुठून’ आणि ‘कुठपर्यंत’ तेही लिहा. सोर्सच्या चकतीतही खरा किरणोत्सारी ठिपका पृष्ठभागावर नसून थोडा आत असतो. व्यस्त वर्गाचा नियम तपासायचा असेल तर १० सेंमीच्या पुढेच तपासा. दोन सोर्सची तुलना करताना दोन्ही एकाच खाचेत ठेवा, म्हणजे भूमितीचा गुणक दोन्हीकडून कटून जाईल. सोर्स हाताने नाही, चिमट्याने उचला. आणि प्रत्येक सेशनच्या शेवटी पहिलं रीडिंग पुन्हा एकदा घ्या. ते जुळलं तरच मधली रीडिंग्ज खरी.

आम्ही दोघींनी वर्कशॉपमध्ये ॲक्रिलिकचा एक स्टँड करून घेतला आहे. त्याला दर सेंटिमीटरला खाच आहे आणि शून्य टोपणाच्या तोंडावर आहे. तो लॅबच्या खिडकीजवळच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवला आहे. वापरा, आणि वापरून झाल्यावर तिथेच परत ठेवा.

— तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन